चाळीस पोरींचं एक कपाट

आमच्या वसतिगृहाच्या गृहपाल बाई समोरच्या माणसाकडे चपलेपासून बघायला सुरुवात करत. आधी चप्पल, मग सलवारीची कड नाहीतर साडीच्या निऱ्या, मग हात, मग खांदे, आणि सगळ्यात शेवटी तोंड. तोंडापर्यंत पोचेस्तोवर त्यांना जे कळायचं ते कळून चुकलेलं असे. पहिल्या दिवशी मी पत्र्याची पेटी घेऊन मेहकरच्या त्या वसतिगृहाच्या ऑफिसात उभी राहिले, तेव्हा त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “एस्टीत उभ्यानंच आली ना वं? अन् उपाशी.” उभ्यानं आल्याचं मी समजू शकते, माझ्या चपलेवर कोणाच्या तरी बुटाचा मातकट ठसा होता. उपाशी असल्याचं त्यांनी कशावरून ओळखलं ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. मी रसायनशास्त्र शिकवते, पुराव्याशिवाय काही मानायचं नाही असं मुलांना रोज सांगते. बाईंच्या बाबतीत मात्र मी पुरावा मागणं केव्हाच सोडून दिलं.

माझे वडील गवंडी. आमच्या गावात बारावी झालेली मुलगी घरात ठेवणं म्हणजे पिकलेलं सीताफळ फडताळात ठेवणं, असं आमच्या थोरल्या काकांचं मत होतं. मला बी.एस्सी. करायचं होतं, मग बी.एड. करून शिकवायचं होतं. बाबांनी हो म्हटलं, पण काकांनी मध्ये अट घातली, की चांगली मागणी आली तर पुस्तकं बांधून घरी यायचं. बाबांनी त्या अटीलाही मान डोलावली. बाबा सगळ्यालाच मान डोलावत. त्यामुळे मी वसतिगृहात आले ती डोक्यावर ही टांगती तलवार घेऊनच, आणि गावाकडून फोन आला की आधी कोणाची मागणी आली का तेवढंच मी विचारी.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी मी माझा सगळ्यात चांगला ड्रेस घातला. गुलाबी, गळ्याभोवती आणि बाह्यांवर चमकी. आईनं तो लग्नसराईत घेतला होता आणि ‘कॉलेजात घालजो’ म्हणून जपून ठेवला होता. आमच्या घरात कपड्याच्या दोनच जाती होत्या, जुने आणि नवे. पहिला दिवस म्हणजे नवा कपडा, यात विचार करण्यासारखं काही आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं. फाटकापाशी बाई उभ्या होत्या. त्यांनी चपलेपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “लगन कोणाचं हाय वं आज?”

मागच्या पोरी खुदकन हसल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं. बाईंनी माझा हात धरून मला आत नेलं, एक लोखंडी कपाट उघडलं आणि मातकट रंगाची साधी सुती ओढणी काढून माझ्या दोन्ही खांद्यांवरून पसरली. “हं. चमकी झाकली तं आत चांगला ड्रेस हाय. तुह्या मायची पसंत चांगली हाय, फक्त जागा चुकली.” मग एक सेफ्टी पिन लावली आणि म्हणाल्या, “पिन वापस पाह्यजे.” कपडा त्या कोणालाही देत, सेफ्टी पिन मात्र परत मागत. पिन हरवून आलेल्या मुलीला जे ऐकावं लागे ते साडी फाडून आलेलीलाही लागत नसे.

ते कपाट सरकारी नव्हतं. बाईंनी ते जुन्या बाजारातून आणलं होतं आणि स्वतःच्या खोलीबाहेरच्या व्हरांड्यात ठेवलं होतं. वसतिगृहात आम्ही चाळीसजणी, आणि प्रत्येकीच्या पेटीत मोजून तीन-चार कपडे. पण बाईंचा हिशोब वेगळा होता. “तुमच्याजवळ तीन तीन ड्रेस नाईत पोट्टीहो, सगळ्याईच्या मिळून सव्वाशे हायेत,” त्या म्हणत. शिकून बाहेर पडलेल्या मुली, बाईंच्या ओळखीच्या शिक्षिका, कोणी कोणी कपडे आणून देई. ते बाई निवडून घेत. दिलं म्हणून घेतलं असं नाही. एकदा एका श्रीमंत घरातून गाठोडंभर भरजरी साड्या आल्या, त्या बाईंनी तशाच परत पाठवल्या. “माह्या पोरी काय बाहुल्या हायेत का?”

कपाटात चार कप्पे होते आणि त्यांची नावं बाईंनीच ठेवलेली. वरचा मिरवायला जायचा, त्याखालचा रडायला जायचा, मग ऐकायला जायचा आणि सगळ्यात खालचा बोलायला जायचा. साडी, ड्रेस, स्वेटर अशी विभागणी त्यांना कळतच नसे, किंवा त्यांना ती बिनकामाची वाटे. कुठल्या मुलीनं दारात येऊन “बाई, एखादी साडी द्या ना” म्हटलं की त्या विचारत, “तेथी जाऊन करणार काय हाय तू?” वर्गात, भाषणाला, पाहुणी म्हणून कोणाकडे गेलात तर ते ऐकायला जाणं. नोकरीच्या मुलाखतीला, तहसीलमध्ये दाखला अडला असेल तिथे, प्राचार्यांकडे तक्रार घेऊन गेलात तर ते बोलायला जाणं. मिरवायचा कप्पा गच्च भरलेला असे. बोलायच्या कप्प्यात पाच-सहाच कपडे, पण त्यांची इस्त्री कधी मोडलेली मी पाहिली नाही.

“एक नूर आदमी, दस नूर कपडा असं म्हणतात ना बाई?” एकदा मी शहाणपणा केला. मोठं वाक्य टाकल्याचा मला आनंद झाला होता. बाई इस्त्री करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “म्हणू दे. कपड्यालेच दस नूर असले तं लोक कपड्यासंगच बोलतीन. तुह्यासंग कोण बोलीन?” मग कॉलरवर पाणी शिंपडून पुढे म्हणाल्या, “कपडा असा पाह्यजे का पाच मिनिटांनी समोरचा तो इसरला पाह्यजे. रडाले गेली अन् घरच्या बाईले तुह्या साडीची किंमत इचारावी वाटली, तं तू गेलीच कशाले?”

कपाटाचा नियम एकच होता. कोण काय घेऊन गेलं ते कोणी कोणाला सांगायचं नाही. अंगावर आहे तोवर ते त्या मुलीचं. ‘अगं, हा तर कपाटातला’ असं एकदा एक मुलगी दुसरीला जेवणाच्या ओळीत म्हणाली, तेव्हा बाईंनी तिला पंधरा दिवस कपाट बंद केलं. कपडा परत करताना धुऊन, वाळवून, इस्त्री करून आणायचा, आणि कशाला नेला होता ते बाई विचारत नसत. त्यांना ते चपलांवरून कळत असावं.

बाईंच्या स्वतःच्या साड्यांबद्दल आमची पैज लागली होती. रोज त्या वेगळ्या दिसत. मी म्हटलं तीस तरी असतील, माझी खोलीतली मैत्रीण वैशाली म्हणाली चाळीस. आम्ही दोघींनी महिनाभर पाळत ठेवली. साड्या निघाल्या सहा. सहाच्या सहा फिकट, बारीक काठाच्या, आणि त्यांच्यावर तीन पोलकी, काळं, बदामी आणि गडद हिरवं, जी कुठल्याही साडीवर चालत. आज काळ्यावर जी साडी ऑफिसात दिसली तीच परवा हिरव्यावर हळदीकुंकवाला गेलेली असे, आणि आम्हाला ती नवी वाटे. मी वाळत घातलेल्या साड्यांसमोर तोंडाचा आ वासून उभी होते. एखाद्याला बाराखडीत सगळी भाषा सापडावी तसं मला त्या दिवशी वाटलं.

“जे तीन जागी चालत नाई ते घ्याचं नाई,” हा त्यांचा नियम. दुकानात कपडा हातात घेतला की मनातल्या मनात तीन जागा मोजायच्या, वर्ग, एस्टी आणि दुसऱ्याचं घर. तिन्हीकडे चालला तर घ्यायचा, दोनच ठिकाणी चालत असेल तर खाली ठेवायचा. मी आजही खामगावच्या दुकानात उभी राहून बोटांवर तीन मोजते. दुकानदार समजतो मी किमतीचा विचार करते आहे, आणि आपणहून भाव उतरवतो. बाईंच्या नियमाचा हा फायदा खुद्द बाईंनाही माहीत नसावा.

पांढऱ्या साडीचा घोटाळा मात्र त्यांनाच निस्तरावा लागला. माझ्या धाकट्या आत्याचं लग्न होतं, मेहकरातच, विहारात. आम्हा बौद्धांच्यात नवरीसुद्धा पांढरी साडी नेसते. वैशाली माळ्याची पोरगी, अशा लग्नाला पहिल्यांदाच यायची होती. ‘तुमच्यात पांढरं चालतं ना, मी पण पांढरं नेसते’ म्हणाली, आणि बाई बाजारात गेलेल्या असताना कपाटातून पांढरी साडी काढून नेसली. मिरवायच्या कप्प्यातली निळ्या काठाची नव्हे, तर रडायच्या कप्प्यातली, बिनकाठाची, कोरीकट्ट. आम्ही दोघी स्टँडवरून जात होतो आणि तेवढ्यात तिचे वडील एस्टीतून उतरले. त्यांनी लांबून पोरीला त्या साडीत पाहिलं. भाजीची पिशवी टाकून ते तिथेच फलाटावर बसले आणि ओरडले, “कोण गेलं वं?”

त्यांना पाणी पाजून समजावताना आम्हाला हसावं की रडावं कळेना. इतक्यात बाई बाजाराची पिशवी घेऊन तिथेच आल्या. चपलेपासून वर पाहिलं. वैशालीला वाटलं आता पंधरा दिवस कपाट बंद. बाईंनी आपल्या पिशवीतून नुकतंच घेतलेलं अबोलीच्या फुलांचं पुडकं काढलं, गजरा तिच्या वेणीत माळला, माझी निळी ओढणी ओढून तिच्या खांद्यावर टाकली आणि वडिलांना म्हणाल्या, “आता पाहा भाऊ. लगनाले चालली का नाई पोरगी?” वडिलांनी पाहिलं आणि मान हलवली. तीच साडी होती. वैशालीला त्या एवढंच बोलल्या, “पांढरं म्हंजे एकच पांढरं नसते. काठ पाहात जाय.”

बाईंची बोलीही प्रसंग पाहून बदलत असे. कधी पुण्याकडचे कोणी साहेब तपासणीला आले की त्या असं काही शुद्ध बोलत की आम्ही एकमेकींना कोपरानं ढोसत असू. साहेब गाडीत बसले की लगेच, “चला वं, पोया थंड्या होऊन राह्यल्या.” कोणी विचारलंच तर म्हणत, “त्यायच्यासंग त्यायच्या जागी, तुमच्यासंग तुमच्या.” यात त्यांना लपवण्यासारखं काही वाटत नसे.

दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला दोन महिने होते तेव्हा ज्याची भीती होती ते आलं. एका गुरुवारी संध्याकाळी बाबा कामावरूनच वसतिगृहाच्या फाटकाशी येऊन उभे राहिले. पायजम्यावर सिमेंट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, केसांत वाळू. आत या म्हटलं तरी येईनात. गुत्तेदारानं आपल्या मुलासाठी मला मागितलं होतं. हा गुत्तेदार आमच्याच समाजातला, गटारांची आणि शाळाखोल्यांची कामं घेणारा, आणि गेली बारा वर्षं बाबा त्याच्याच कामावर. रविवारी ते लोक बघायला येणार होते, पसंती ठरलेलीच होती आणि लग्न उन्हाळ्यात. पुढचं शिकणं वगैरे काही नाही, घरात सून पाहिजे, असा निरोप होता. मुलगा वाईट नव्हता. मला तो नको होता असंही नाही, मला प्रयोगशाळा पाहिजे होती.

“तुम्हाले काय वाटते बाबा?” मी विचारलं. बाबा जमिनीकडे बघत होते. “मले वाटते तू शिकावं. पण त्याच्यापुढं मले बोलता येत नाई, माय.” माझा तोल गेला. मग मीच बोलते, रविवारी त्यांच्या तोंडावर सांगते, असं मी मोठ्यानं म्हटलं. व्हरांड्यातून बाई ऐकत होत्या. त्या फाटकापर्यंत आल्या, त्यांनी बाबांकडे बघायला सुरुवात केली. चप्पल, पायजमा, हात. हातांवर त्या बराच वेळ थांबल्या.

“भाऊ, त्यायच्यापुढं तुम्हाले बोलता येत नाई का बसता येत नाई?”

बाबांना प्रश्न कळला नाही. मलाही नाही. बाईंनी पुन्हा विचारलं, “बारा वर्सांत त्या माणसापुढं खुर्चीवर कधी बसले का तुम्ही?” बाबांनी विचार केला, खरंच आठवून पाहिलं, आणि म्हणाले, “नाई म्याडम. उभाच असतो. काम असते ना.” बाई आत गेल्या. खालचा कप्पा उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं माझ्यासाठी काही आणताहेत. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात एक पुरुषाचा शर्ट होता. बदामी रंगाचा, पूर्ण बाह्यांचा, चांगल्या कापडाचा, पण नवा नव्हे, कॉलर वापरून जराशी नरम पडलेली. त्या कपाटात पुरुषाचा कपडा असतो हे मला दोन वर्षांत कळलं नव्हतं.

“नवा काऊन नाई ते सांगतो,” बाई बाबांना म्हणाल्या. “नवा घालून बसले तं त्याले वाटीन, व्याही व्हायले तयार होऊन बसला. हा असा पाह्यजे का तुम्ही रोजच असा घालता. अन् एक ध्यानात ठेवा भाऊ. बाह्या दुमडाच्या नाईत. मनगटाची बटनं लावून ठेवाची. बाह्या दुमडल्या का माणूस कामाले लागते.” बाबांनी हात पायजम्याला पुसले आणि मग शर्ट घेतला. मी विचारलं, “अन् मी काय घालू?” तर म्हणाल्या, “रोजचंच. तुह्याकडं कोणाचं ध्यान नाई गेलं पाह्यजे त्या दिवशी.”

मला राग आला. माझं आयुष्य आणि बोलायचा कप्पा बाबांना? मी तसं म्हटलंही. बाई म्हणाल्या, “तू बोलशीन तं पोरगी उलटी बोलली म्हणतीन, अन् दोन दिवसांनी बापावर दाब टाकून लगन करतीन. बाप बोलला तं कोणावर दाब टाकतीन?” हे मला तेव्हा पटलं नव्हतं. आजही पूर्ण पटलेलं नाही. पण बाईंना गाव माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं.

रविवारी दुपारी गुत्तेदार आला, त्याच्यासोबत त्याचे भाऊ, मुलगा आणि दोन बायका. ओसरीवर शेजाऱ्यांच्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. बाबा तो शर्ट घालून उभे होते, मनगटाची बटणं लावलेली. मी आतल्या दारातून बघत होते. गुत्तेदार बसला, पाय लांब केले आणि रोजच्या सवयीनं म्हणाला, “ती खाट सरकव रे इकडं, बायका बसतीन.” बाबा लगेच वळले. त्यांचा उजवा हात डाव्या मनगटावर गेला, बटणापाशी. बाही दुमडायची आणि खाट उचलायची, बारा वर्षांची सवय ती. बोटं बटणावर थांबली. बाबांनी हात खाली सोडला, माझ्या काकांना म्हणाले, “दादा, खाट घ्या जराशी.” आणि स्वतः गुत्तेदारासमोरची रिकामी खुर्ची ओढून तिच्यावर बसले.

काका इतके चकित झाले की त्यांनी खरंच खाट सरकवली. बाबा म्हणाले, “तुम्ही मागणी घातली, मोठेपणा तुमचा. पण पोरगी शिकून राह्यली. हे वर्स, पुढचं वर्स, मंग मास्तरकीचं. थांबत असान तं थांबा. नसान थांबत तं दुसरी पोरगी पाहा. माह्यी पोरगी मधातून उठणार नाई.” आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. गुत्तेदार बाबांकडे बघत राहिला. कोणीतरी वेगळाच माणूस तिथे येऊन बसलाय आणि आपल्याला त्याचं नाव माहीत नाही, तसं त्याचं तोंड झालं होतं. चहा झाला. ते लोक उठले आणि गेले. थांबतो असं काही ते बोलले नाहीत.

याची किंमत बाबांनी दिली, ती सांगायलाच हवी. गुत्तेदारानं त्यांना कामावरून काढलं नाही, फक्त कामाचा निरोप पाठवणं बंद केलं. सहा महिने बाबा चिखलीकडे दुसऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली गेले. काका वर्षभर बोलत नव्हते. पण मी मधातून उठले नाही.

शर्ट आईनं धुतला. इस्त्रीसाठी बाबा स्वतः तालुक्याला गेले, आणि वर्तमानपत्रात गुंडाळून वसतिगृहात आले. काय झालं, कसं झालं, बाईंनी काही विचारलं नाही. नेहमीप्रमाणे खालून वर पाहिलं आणि खुर्चीकडे हात केला, “बसा भाऊ.” आणि ऑफिसातल्या त्या खुर्चीवर माझे वडील, सिमेंट लागलेला पायजमा घालून, सरळ बसले. बाईंनी चहा मागवला. दोघंही पावसापाण्याचं बोलले. मी दारात उभी राहून पाहत होते आणि मला वाटत होतं, की या बाईंना माणूस मुळापासून दिसतो. मला त्यांची भीती वाटली, इतकं ते मोठं होतं.

पुढे मी बी.एस्सी. झाले, बी.एड. झाले, खामगावला कनिष्ठ महाविद्यालयात लागले. पहिल्या तासाला बाईंनी सांगितलेला फिकट कपडा घातला आणि पाच मिनिटांत मुलं तो विसरली. बाई निवृत्त झाल्या, मेहकरातच दोन खोल्यांच्या घरात राहिल्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मी वर्षातून एकदा जायची. दारात उभी राहिले की चपलेकडे नजर आणि मग, “आता काऊन दमून राह्यली वं?” गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. शेवटच्या दिवशी मी पोचू शकले नाही, हे मला टोचत राहील.

त्यांच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या शोकसभेला, मी विहारात गेले. जुन्या मुली खूप आल्या होत्या. बाबाही आपले आपण गावाहून आले होते. पण बायकांपेक्षा मागच्या बाजूला पुरुषच जास्त बसलेले दिसत होते, आणि त्यातल्या बहुतेकांना गल्लीतले लोक ओळखत नव्हते. वैशालीचे वडील मला दिसले. एक गोल टोपीतले चाचा होते, सातपुड्याच्या पायथ्याकडून रात्रीची गाडी पकडून आलेले दोघे होते. मला वाटलं मुलींना सोडायला आले असतील. आधी एक निवृत्त प्राचार्य बोलले, मग एक अधिकारी. दोघंही बाईंच्या शिस्तीबद्दल बोलले. मग बौद्धाचार्यांनी विचारलं, आणखी कोणाला दोन शब्द बोलायचे आहेत का. आम्ही मुली एकमेकींकडे बघत राहिलो. रोज साठ पोरांसमोर उभी राहणारी मी, पण मीही उठले नाही.

बाबा उठले. मी घाबरले, कारण सभेत त्यांना मी कधी तोंड उघडताना पाहिलं नव्हतं.

“मी गवंडी माणूस,” ते म्हणाले. “मले बोलता येत नाई. आयुष्यात एकडावच बोललो, पोरीसाठी. त्या दिवशी माह्या अंगात शर्ट बाईचा होता. हे सांगाचं नसते, बाईचा नियम होता. पण आता बाई नाई, तं सांगतो.”

मागच्या खांबापासून टोपीवाल्या चाचांचा आवाज आला, “बदामी रंगाचा का भाऊ?”

बाबांनी वळून पाहिलं. “हाव.”

“कॉलर जराशी नरम?”

“हाव.”

चाचा गुडघ्यांवर हात देऊन उठले. त्यांच्या पाठोपाठ वैशालीचे वडील उठले. मग पायथ्याकडच्या दोघांपैकी एकजण, मग खिडकीशी बसलेला एक म्हातारा, मग आणखी. इतकी वर्षं मी समजत होते, की तो शर्ट बाईंनी माझ्या एकटीच्या बापासाठी काढला होता. बौद्धाचार्य घड्याळाकडे बघत होते, मग त्यांनी बघणं सोडून दिलं. एकेक बाप पुढे येत होता, हात जोडत होता, आणि प्रत्येकजण सुरुवात एकाच वाक्यानं करत होता, “मले बोलता येत नाई.”